राजांच्या टाकीत दुसरा

ताईला अर्धांगवायू झाला, वाचा गेली, उजवं अंग लुळं पडलं. नजर मात्र होती तशीच धारदार राहिली. शिवणकामाच्या दुकानात ताई मालकीण आणि धाकटी बहीण मशीनवर, असंच सगळं आयुष्य गेलं होतं. धाकटीला एकदा चांगलं स्थळ चालून आलं, तर "हिला फिट येतात" असं सांगून ताईनं ते परस्पर पिटाळून लावलं. आता धाकटीच तिला भरवायची, पुसायची.

ताईचा जीव अडकला होता तो खाटेसमोरच्या टाकीतल्या माशात. निळंशार अंग, त्यावर पिवळे पट्टे, डोळ्यांवर काळी पट्टी. त्याला ती 'राजे' म्हणायची.

एक दिवस धाकटी मासेवाल्याकडे गेली. "असाच अजून एक हवाय."

"मग पिल्लू न्या," तो म्हणाला. "पिल्लाच्या अंगावर पांढरी कडी असतात, म्हणून मोठा त्याला सोडून देतो. आपल्याच रंगाचा दिसला की जिवावर उठतो."

"मोठाच द्या. आमच्याकडच्यापेक्षा थोराड."

नवा मासा पाण्यात पडला मात्र, राजे टाकीतल्या दगडांच्या कपारीतून ठक्‌ठक् आवाज करत त्याच्यावर धावून गेले. गालाजवळचा काटा त्यांनी त्याच्या कुशीत खुपसला. नवा अंगानं मोठा, पण परक्या जागेत बावरलेला. लपायला जाईल तिथून हुसकावला गेला. संध्याकाळपर्यंत त्याच्या शेपटीच्या चिंध्या झाल्या, एक डोळा गेला.

राजांची अशी दशा होईल आणि ताई तळमळेल, अशी धाकटीची अटकळ होती. तिनं वळून पाहिलं, तर ताई अर्ध्या तोंडानं हसत होती.

"बरं वाटतंय?"

ताईनं पापणी मिटली. ती तिची 'हो'ची खूण.

सकाळी नवा मासा उलटा तरंगत होता. ताईनं डाव्या हातानं आधी टाकीकडे बोट केलं, मग दाराकडे.

"अजून एक आणू?"

पापणी मिटली.

धाकटी गेली, आणखी एक घेऊन आली. पण तो सोडण्याआधी तिनं जोर लावून खाट फिरवली आणि ताईचं तोंड कोऱ्या भिंतीकडे केलं.

"काल तू पाहिलंस," ती म्हणाली. "आज नुसतं ऐक."

ठक्‌ठक् सुरू झाली. ताईच्या घशातून घरघर येत राहिली. धाकटी टाकीसमोर खुर्ची ओढून निवांत बसली.