एकाच किल्लीची घरं

मालकीणबाईंना किल्ल्यांचा जुडगा कधीच आवडला नाही. तीन घरं भाड्यानं दिलेली, दोन एका इमारतीत आणि एक दुसऱ्या, प्रत्येकाची किल्ली वेगळी. पर्समध्ये हात घातला की नेमकी नको तीच हाताला लागायची. एकदा घर बघायला आलेल्या जोडप्यासमोर त्यांनी घामाघूम होत एकेक किल्ली लावून पाहिली, आणि दार उघडेपर्यंत त्या जोडप्याचं मन बदललं. त्या दिवशी बाईंनी ठरवलं, बास झालं. कुलूपवाल्याला गाठलं आणि तिन्ही घरांना असे लॅच बसवून घेतले की एकाच किल्लीनं सगळे उघडावेत. भाडेकरूंना कशाला सांगायचं? जो तो आपलं दार उघडणार. दुसऱ्याच्या दारात किल्ली घालून बघायला कोण रिकामटेकडं बसलंय?

"बाई, असं कुणी करून घेत नाही," कुलूपवाला म्हणाला होता.

"म्हणूनच बाकीचे जुडगे वागवतात," बाई म्हणाल्या होत्या. आपल्या डोक्यावर त्या भलत्याच खूश होत्या. नवरा चेष्टा करायचा, पण बाई त्याला जुमानत नव्हत्या. घरं बघायची, भाडेकरू निवडायचे, दलालाशी हुज्जत घालायची, सगळं बाईच करायच्या. त्याच्याकडे फक्त चहा आणि शेरे.

तर त्या सकाळी चहा ओतता ओतताच त्यानं शेरा मारला. "काय गं, त्या विमावाल्यानं दुसरी किल्ली दिली का शेवटी?"

विमावाला म्हणजे चौथ्या मजल्यावरचा भाडेकरू. विमा विकायचा, आवाज मोठा, पण माणूस तसा सरळ. त्या भागातली भाडी एकाएकी भडकली, दलालानं बाईंचे कान भरले, आणि बाईंनी त्याला तोंडावर सांगितलं की नव्या भावानं राहा नाहीतर घर सोडा. तो जिन्यात उभा राहून सगळ्या इमारतीला ऐकू जाईल असा बोलला. "लक्षात ठेवीन मी हे," असंही म्हणाला. गेल्या आठवड्यात गेला. दोन किल्ल्या नेल्या होत्या, परत एकच केली. दुसरी म्हणे सापडत नाही.

"नाही दिली. वरचा लॅच बदलून टाकू," बाई म्हणाल्या.

"फक्त वरचा?"

विमावाल्याच्या बरोबर खाली, तिसऱ्या मजल्यावर, त्यांचंच दुसरं घर होतं, आणि तिथं नर्स राहायची. एकटी. रात्रपाळी करायची आणि दिवसभर झोपायची.

"अहो, पण त्याला कुठं ठाऊक आहे?" त्या म्हणाल्या, आणि म्हणतानाच त्यांना आठवलं. त्याला ठाऊक होतं. त्यांनी स्वतःच सांगितलं होतं! पावसाळ्यात नर्सच्या घरातून पाणी बाहेर यायला लागलं, नर्स कामावर, बाई परगावी बहिणीकडे. त्यांनी विमावाल्याला फोन केला आणि हसत हसत सांगितलं की तुमचीच किल्ली खाली लावा, उघडेल, तेवढा नळ बंद करा. किती सोयीचं वाटलं होतं तेव्हा. स्वतःची पाठ थोपटली होती. नर्सला तर वॉचमननं बाहेरून पाणी बंद केलं म्हणून सांगितलं.

"तू त्याला सांगितलंस?" नवऱ्यानं कप खाली ठेवला. एरवी तो अशा वेळी काहीतरी विनोद करायचा. आज केला नाही, आणि त्यानंच बाई जास्त घाबरल्या.

नर्सला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. झोपली असेल, दुसरं काय, असं त्या मोठ्यानं म्हणाल्या, पण चपला घालताना उजवी डाव्या पायात आणि डावी उजव्या पायात जात होती.

कुलूपवाला दुकान उघडतच होता. त्याला तसाच सामानासकट घेऊन निघाल्या. "तिन्ही बदलायचे, पण आधी नर्सचा," त्या म्हणाल्या. त्यानं शटर पुन्हा खाली ओढलं. मी तेव्हाच सांगितलं होतं, असं तो म्हणाला असता तर बाईंना बरं वाटलं असतं, भांडता तरी आलं असतं. वाटेत त्या नर्सला काय सांगायचं ते जुळवत होत्या. खरं सांगण्याचा प्रश्नच नव्हता. खरं कळलं तर ती घर सोडणार, चार ठिकाणी बोलणार, पोलिसांत गेली तर आणखी शोभा. कंपनीनं सदोष लॅच परत मागवलेत असं सांगावं. हो, हे बरं आहे. भाडेकरूंना कंपनीचं नाव काढलं की पटतं.

इमारतीखाली विमावाल्याची स्कूटर उभी होती.

बाईंनी पुन्हा नर्सला फोन लावला, कुणी उचलेना. कुलूपवाल्यानं विचारलं, "काय झालं?" त्या जिना चढायला लागल्या. पहिल्या मजल्यावर धाप लागली, दुसऱ्यावर कठडा धरला. या वयात आपण हे काय करून बसलो, एवढंच डोक्यात. देवा, त्या पोरीला काही होऊ देऊ नकोस, बाकी माझं काय व्हायचं ते होऊ दे.

तिसऱ्या मजल्यावर पोचल्या तर वरून विमावालाच उतरत होता.

"बरं झालं भेटलात," तो म्हणाला. "ही घ्या तुमची किल्ली. कोटाच्या अस्तरात गेली होती. दाराखालून सरकवणार होतो, पण फटच नाही." दाढी वाढलेली, शर्ट चुरगळलेला. एका सहकाऱ्याकडे पडवीत झोपतोय म्हणाला. त्या दिवशी जास्त बोललो, असंही म्हणाला, आणि उत्तराची वाट न बघता खाली गेला.

बाईंचा जीव भांड्यात पडला. किल्ली मुठीत घट्ट धरून त्या भिंतीला टेकल्या. आणि माणसाचं मन बघा कसं असतं. आत्ता देवाला साकडं घालणाऱ्या या बाई, श्वास जागेवर आला न आला तोच हिशेबाला लागल्या. किल्ली मिळाली. कुणाला काही झालं नाही. मग आता उगाच कुलपं बदला, थापा मारा, झोपलेल्या पोरीला उठवा, कशासाठी?

"राहू दे आता," त्या कुलूपवाल्याला हळूच म्हणाल्या. "किल्ली आली परत."

"म्हणजे नाही बदलायचे?"

"पुढं बघू."

त्यानं पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. तेवढ्यात नर्सच्या दाराआड काहीतरी जड सरकल्याचा आवाज झाला. फरशीवर लोखंड घासल्याचा.

"मावशी, तुम्हीच ना?" आतून आवाज आला. "थांबा हं, बादली आधी काढते."

पुन्हा घासणं, पाणी हिंदकळल्याचा आवाज. मग दार उघडलं. नर्सच्या अंगावर अजून कामावरचेच कपडे होते, डोळे लाल. दाराशी लोखंडी ट्रंक, बाजूला पाण्यानं काठोकाठ भरलेली बादली.

"हे काय गं?" बाईंनी विचारलं.

"आतली कडी मोडलीय ना. मी म्हटलं होतं तुम्हाला. तुम्ही म्हणालात, लॅच असताना कडी कशाला. आणि परस्पर दाराला स्क्रू लावायचा नाही असं तुमचं आहेच." तिनं कुलूपवाल्याच्या पिशवीकडे पाहिलं आणि तिचा चेहरा एकदम सैल पडला. "लॅच बदलायला आणलंत यांना? बरं झालं मावशी. फार बरं झालं."

बाईंनी मुठीतली किल्ली पर्समध्ये टाकली.

"हिवाळ्यात एकदा कामावरून येताना झोपेत एक मजला जास्त चढले," नर्स सांगायला लागली. "किल्ली लावली, दार उघडलं, आत पुरुषाचे बूट. मला वाटलं माझ्या घरात कुणी शिरलंय. मग कळलं, मीच त्याच्या घरात शिरलेय. म्हणजे त्याच्या किल्लीनं माझंही उघडत असणार. तेव्हापासून ही ट्रंक. आज तो जिन्यात आला ना, पावलं ओळखली मी त्याची. तुमचा फोन वाजत होता, पण घ्यायची हिंमत झाली नाही. आवाज बाहेर गेला असता."

"अगं, मग मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही म्हणाला असतात, जमत नसेल तर घर सोड." ती हे रागानं म्हणाली नाही. "या भाड्यात हॉस्पिटलजवळ मला कोण घर देणार, मावशी? वरच्यांना काढलंतच की." मग तिनंच समजूत घातल्यासारखं विचारलं, "दुकानातच काहीतरी गफलत झाली असेल, नाही?"

कुलूपवाला पिशवीत वाकून पेचकस शोधत होता. फार वेळ शोधत होता. बाईंनी मान हलवली, ती हो म्हणून की नाही म्हणून, त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

"बदल रे," त्या त्याला म्हणाल्या. "आणि कडी पण नवी बसव. चांगली जाड."

तो कामाला लागला. दार सताड उघडं. नर्स खाटेच्या कडेला टेकली. "काम होईपर्यंत तुम्ही बसणार ना इथं?" तिनं विचारलं. बाई हो म्हणाल्या आणि दाराशी खुर्ची ओढून बसल्या. ड्रिलचा आवाज सुरू झाला, अख्खी इमारत उठेल असा. त्या आवाजात नर्स बसल्या जागी कलंडली आणि झोपली. तोंड उघडं, एक बूट पायातच. मावशी दारात बसल्यात म्हटल्यावर तिला कसली भीती नव्हती.

बाईंना तिच्याकडे बघवेना, आणि दुसरीकडेही बघवेना. स्वतःच्या घरात इतकी लाज त्यांना कधी वाटली नव्हती.

काम संपलं. कुलूपवाल्यानं नव्या किल्ल्या पुढं केल्या. "दोन तिच्या, एक तुमची?"

"सगळ्या तिथं तिच्या उशाशी ठेव."

"चला मग. वरचं आणि दुसऱ्या इमारतीतलं पण उरकू."

"तू हो पुढं," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "ती उठेपर्यंत मी बसते."

तो गेला. बाईंनी दार लोटलं, नवी कडी लावली आणि पुन्हा येऊन बसल्या. कंपनीचं नाव काढायचं नाही, दुकानाचंही नाही, एवढं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. ती उठली की खरं काय ते सांगायचं. आणि ती इतक्यात उठू नये, असंही त्यांना वाटत होतं.