गुणाचा खुळखुळा

मी एक जुना लाकडी खुळखुळा आहे. पोटात चार खडे, अंगावर लाल-पिवळी लाख आणि तालुक्याच्या एका कोपऱ्यात बऱ्यापैकी नाव. मित्रांनो, नाव होणं वाईट.

शिरूरच्या बाजारातून तुळजाबाईंनी मला नातवासाठी आणलं. नातू, सुरज, वर्षाचा होईतो असा गुबगुबीत झाला की वस्तीवरच्या बायकांनी सगळं श्रेय मला देऊन टाकलं. त्याच्या आईच्या दुधाला कुणी विचारलं नाही. मग कुणाच्या बाळाला दात येऊ लागले की मला बोलावणं येई. नियम एकच: गुणाची वस्तू धुवायची नाही, धुतली तर गुण जातो. फार तर पदराला पुसायची.

सत्त्याण्णवच्या थंडीत जालिंदरच्या पप्पूला उलट्या सुरू झाल्या, मग ताप, मग पाण्यासारखे जुलाब. मी त्याच्या तोंडात होतो. पाच दिवसांनी तो उठून बसला आणि माझं नाव आणखी वाढलं. तिथून मी थेट सात महिन्यांच्या प्रांजलच्या पाळण्यात. तिसऱ्या दिवशी तिनं दूध ओकलं.

"दात येत्यात," तिची आजी, सिंधूबाई, सुनेला म्हणाली. "पाणी बंद कर. वरनं घालशील तेवढं खालनं जाईल."

दुपारपर्यंत प्रांजलची टाळू खोल गेली. रडायची, पण डोळ्यांत पाणी येईना. नंतर रडायचीही थांबली. मी उशाशी पडून होतो.

उपकेंद्राच्या सुषमा सिस्टर आल्या.

"पाणी उकळता ना?"

"व्हय, आन् गाळून बी घेतो."

सिस्टरांची नजर माझ्यावर थांबली. "हा कुणाकडनं आला?"

"पप्पूकडनं. लई गुणाचा हाय."

"आजी, या जुलाबाचा विषाणू हातावरनं, खेळण्यावरनं तोंडात जातो. त्याला मारायची गोळी नाही. अंगातलं पाणी भरत राहायचं. हा आधी साबणानं धुवा."

सिंधूबाईनं होकारार्थी मान हलवली. सिस्टरांनी पाकिटातली पावडर पाण्यात कालवून चमच्या-चमच्यानं पाजली आणि जीपनं पोरीला शिरूरला नेलं. तीन दिवस सलाईनवर राहून प्रांजल परतली.

"सलाईन काय, समद्यांनाच लावत्यात," सिंधूबाई म्हणाली. "खुळखुळा हुता म्हणून वाचली."

दुसऱ्याच सकाळी गेणबाची सून दारात उभी. तिची मुलगी पाच महिन्यांची.

"धुतला न्हाई ना, मावशी?"

"न्हाई गं. धुवीन कशाला?"

सिंधूबाईनं मला आपल्या पदराला पुसून तिच्या हातात दिलं. त्याच पदराला सिंधूबाईनं आजारात प्रांजलचं तोंड पुसलं होतं.

मित्रांनो, मला हात नाहीत, नाहीतर मीच साबण घेतला असता. तुम्हाला आहेत. ते धुवा, मलाही धुवा. गुण गेला तर जाऊ द्या. गेणबाच्या नातीनं मला तोंडात घातलं, तेव्हा माझे चारही खडे वाजले, आणि घर कौतुकानं हसलं.