तारवाल्यांच्या घरी सिग्नल नाही

गल्लीत त्यांना सगळे तारवाले म्हणत. टीव्ही पेटीएवढे असायचे त्या काळात अख्ख्या वस्तीच्या अँटेना त्यांनीच गच्च्यांवर चढून फिरवल्या होत्या. ते वरून ओरडायचे, "आलं का?" आणि खालून कुणाची तरी बायको ओरडायची, "आलं, आलं... गेलं, परत मुंग्या आल्या!" चित्र आल्याशिवाय तारवाले खाली उतरले, असं कधी झालं नाही. पुढे टीव्ही भिंतीला चिकटले, बिघडला की लोक सरळ नवा आणू लागले, आणि त्यांचं दुकान बंद झालं. नाव तेवढं राहिलं.

त्यांची थोरली बहीण अक्का मांडीचं हाड मोडल्यापासून त्यांच्याकडेच होती. पुढच्या खोलीत तिचा पलंग होता आणि समोर टीव्ही. त्या दुपारी तिनं केस नीट विंचरून घेतले, पाठीला दोन उशा लावून घेतल्या. तिची नात जिम्नॅस्टिक्सच्या अंतिम फेरीत अरुंद पट्टीवर खेळणार होती आणि ते टीव्हीवर दाखवणार होते. त्या आईवेगळ्या पोरीला अक्कानंच लहानाचं मोठं केलं होतं.

तारवाल्यांनी रिमोट दाबला. निळ्या पडद्यावर अक्षरं उमटली : सिग्नल नाही.

"आत्ता लावतो," ते म्हणाले.

"तू आहेस म्हटल्यावर मला काय घोर," अक्का म्हणाली.

त्यांनी टीव्हीखालचा सेट-टॉप बॉक्स बंद करून चालू केला. मागची वायर काढली, टोक पुसलं, पुन्हा बसवली. दुसऱ्या खाचेत बसवून पाहिली. मग बाल्कनीत जाऊन डिशच्या छत्रीचा स्क्रू सैल केला आणि ती केसभर डावीकडे सरकवली, केसभर उजवीकडे.

"आलं का?"

"निळंच आहे रे."

जुना टीव्ही निदान बोलायचा. मुंग्या दाट की विरळ, यावरून त्यांना कळायचं अँटेना कुठे वळवायची. चित्र तिरकं पळायला लागलं की ते बोटानं भाग दाखवायचे, हा गेलाय. हा मेला निळा पडदा काहीच सांगत नव्हता. बॉक्स उघडला तर आत नखाएवढ्या काळ्या चकत्या दिसल्या. कथलाचा डाग देऊन जोडावं, असं तिथे काही नव्हतंच. त्यांनी झाकण परत लावलं.

मग कंपनीला फोन लावला. आधी गाणं वाजलं, मग मुलीचा गोड आवाज आला, "काका, बॉक्स बंद करून चालू करा."

"केला. वायरही पाहिली, छत्रीही फिरवली."

"पुन्हा एकदा करा."

"अहो, मी याच धंद्यातला माणूस आहे."

"हो काका. तरी एकदा करा."

त्यांनी केला. मुलीनं तक्रार लिहून घेतली आणि उद्या माणूस येईल म्हणून सांगितलं. उद्या येऊन तो काय करणार, हे त्यांनी विचारलं नाही.

समोरच्या बिऱ्हाडातल्या शिक्षिकाबाई दारात आल्या. "आमच्याकडे केबल आहे, व्यवस्थित दिसतंय. आणा ना अक्कांना."

तारवाल्यांनी खुर्ची पलंगाला लावली, अक्काच्या काखेत हात घातले. अक्कानं ओठ घट्ट मिटले, पण कमरेतून कळ गेली तसा तिच्या तोंडून असा आवाज निघाला की त्यांनी घाबरून तिला परत टेकवलं.

"राहू दे," धाप लागलेली अक्का म्हणाली. "तू जा. बघून ये आणि मला सांग."

जायला हवं होतं. पण शिक्षिकाबाईंच्या सोफ्यावर बसून तारवाले दुसऱ्याच्या टीव्हीत बघतायत, हे त्यांच्या घशाखाली उतरेना.

"दोन मिनिटं थांब. होतंय आता," असं म्हणत ते पुन्हा बाल्कनीत गेले.

ते हात काळे करून आत आले तोवर समोरच्या टीव्हीचा आवाज बंद झाला होता. शिक्षिकाबाईंचं दारही लागलं होतं. तेवढ्यात अक्काचा फोन वाजला.

"आजी, पाहिलंस?"

अक्कानं भावाकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली. भावाची लाज जाऊ नये म्हणून, की पोरीचा हिरमोड होऊ नये म्हणून, अक्का म्हणाली, "पाहिलं तर. किती छान केलंस गं बाळा."



"आजी, मी पडले," नात म्हणाली. "पट्टीवरून पडले मी."

अक्कानं फोन भावाच्या हातात दिला. तारवाल्यांनी तो कानाला लावला आणि ते नुसतं "हं" म्हणाले. फोन ठेवल्याचा आवाज आला.

अक्कानं एक उशी काढून बाजूला ठेवली. तारवाले वायरी गुंडाळत जमिनीवर बसून राहिले.

संध्याकाळी चित्र आपोआप आलं. बिघाड कंपनीच्याच मुख्य केंद्रात होता, असं पडद्याच्या तळाशी फिरणाऱ्या ओळीत लिहिलं होतं. बातम्या चालू होत्या, आणि बातम्यांत अक्काची नात होती. अरुंद पट्टीवर ती उलटी कोलांटी घेत होती, पाय सटकत होता, ती पडत होती. लगेच तेच पुन्हा, सावकाश.

तारवाले रिमोट शोधायला उठले.

"बंद करू नकोस," अक्का म्हणाली.

नात तिसऱ्यांदा पडली. अक्का पापणी न हलवता बघत होती. मग निवेदक दुसऱ्याच बातमीकडे वळला.

"ती उठते तेवढं दाखवत नाहीत का रे?" अक्कानं विचारलं. "उठली असेल ना ती. तेवढं लाव ना."

तारवाले टीव्हीपाशी उभे होते. बॉक्सवरचा हिरवा दिवा अगदी नीट लागला होता.

"मला नाही लावता येत, अक्का," ते म्हणाले.