साडेअकरा अँपिअरची शेगडी

सोनईच्या बनुबाईंना आपल्या विजेच्या शेगडीचा भारी अभिमान. "नवी हुती तवा दूध तापायला अर्धा तास घ्यायची. आता नजर वळली की उतू!" असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. शेगडी वयाबरोबर चपळ होत चाललीय, यात घरात कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं.

वावगं वाटलं ते पूजाच्या गिरणीत. पूजा ही त्यांची नवी सून, आयटीआयला वायरमनचं शिकलेली. लग्नाआधीच्या नोकरीत पैसे साठवून तिनं घरगुती गिरणी घेतली होती आणि आळीतल्या पाच घरांनी दळणही सांगून ठेवलं होतं. पण रोज सकाळी गिरणी सुरू केली की फ्यूज उडायचा. चौथ्या दिवशी बनुबाईंनी निकाल देऊन टाकला, "गिरणीच खराब हाय. गोरक्ष, उद्या टेम्पो बोलाव. दुकानात परत दे."

आईपुढे ब्र काढायची गोरक्षची छाती नव्हती. पूजाला मात्र रडूच आलं. गिरणी गेली की पुन्हा ती कोण आणून देणार?

सकाळी टेम्पो यायच्या आत तिनं पेटीतून आपलं मीटर काढलं. गिरणी एकटीच चालवून पाहिली, तर ती पाच अँपिअर घेत होती. फ्यूजची तार पंधरा अँपिअरपर्यंत सोसणारी. मग तिनं शेगडीकडे मोर्चा वळवला.

"माझ्या शेगडीला हात लावायचा न्हाई!" बनुबाई कडाडल्या.

"हात न्हाई लावत, आत्या. नुसता मीटरचा चिमटा एका वायरीला लावते."

मीटरनं साडेअकरा अँपिअर दाखवले. व्होल्टेज दोनशे तीस. पूजानं कॅलेंडरच्या मागं भागाकार मांडला, रोध, म्हणजे करंटला होणारा अडथळा, आला वीस ओहम. शेगडीच्या पट्टीवर तर दोन हजार वॅट लिहिलेलं. त्या हिशोबानं रोध सव्वीस हवा आणि करंट नऊच्या आत.

"सहा ओहम कमी भरतायत, आत्या."

"मग मी खाल्ले व्हय?"

"कॉईल कधी तुटली हुती का?"

"सहा-सात येळा!" बनुबाईंना हुरूप आला. "जळकं टोक फेकायचं, ऱ्हायलेली दोन टोकं एकमेकांत अडकवायची. एकदा बी मिस्त्री बोलावला न्हाई!"

पूजाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. दर खेपेला कॉईल तोकडी झाली, अडथळा घटला, करंट वाढला. तिनं गुणाकार केला, सव्वीसशे पंचेचाळीस वॅट! सकाळी शेगडी चालूच असायची, त्यावर गिरणीचे पाच अँपिअर धरले की साडेसोळा. फ्यूज बिचारा काय करणार?

तिनं हे सगळं समजावून सांगितलं खरं, पण सांगून झाल्यावर तिच्या ध्यानात आलं. मुलासमोर सासूची चूक काढली होती. बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला.

बनुबाईंनी कॅलेंडरमागच्या आकड्यांवर बोट ठेवलं.

"म्हंजी दोन हजाराची शेगडी मी सव्वीसशेची केली?"

"केली की, आत्या. आमच्या सरांना बी सुचलं नसतं."

बनुबाईंचा चेहरा फुलला. त्यांनी स्वतः शेगडीचं बटण बंद केलं आणि टेम्पोवाल्याला दारातूनच परत धाडलं. पूजानं गिरणी सुरू केली. फ्यूज जागचा हलला नाही. गोरक्ष नवी कॉईल आणायला निघाला, तेव्हा बनुबाईंनी त्याला हाक मारली.

"पुऱ्या लांबीची आन, ह्या पोरीला इचारून. आन जुनी फेकू नगंस, शेजारच्या मालनबाईला दाखवायची हाय!"