सांस्कृतिक सदरातली मारामारी

"मानवजातीचा इतिहास म्हणजे हिंसेकडून संयमाकडे झालेला प्रवास आहे," क्लबचे अध्यक्ष गंभीरपणे म्हणाले आणि त्यांनी पाण्याचा पेला डाव्या हातानं उचलला. उजव्या हाताला प्लास्टर होतं. गेल्या आठवड्यात क्लबच्या फुटबॉल संघाविरुद्ध पेनल्टी दिली म्हणून ते पंचाच्या अंगावर धावून गेले होते. पंच तरणा होता, वेळेत वाकला, आणि प्राचार्यपदावरून निवृत्त झालेली ती मूठ गोलाच्या खांबावर बसली.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला दातांचा डॉक्टर बसला होता. त्यानं वाक्य ऐकलं, प्लास्टरकडे पाहिलं आणि तोंड मिटून घेतलं. त्याला क्लबचा हॉल हवा होता.

हॉल हवा होता तो मिक्स्ड मार्शल आर्ट्सच्या लढतींसाठी. ठोसे, लाथा, पकडी, कुस्ती असं सगळं एकाच लढतीत चालतं, तो हा खेळ. डॉक्टर सुट्टीच्या दिवशी त्यात पंचाचं काम करायचा. लोकांना यात फार मोठा विनोद दिसे. "म्हणजे एकीकडे पाडायचे आणि दुसरीकडे बसवायचे, काय डॉक्टर?" हा विनोद आपणच पहिल्यांदा केला असं प्रत्येकाला वाटे, म्हणून डॉक्टर प्रत्येकाला तेवढंच हसून दाखवी. वास्तविक त्याच्या खुर्चीत बसलेले पडक्या दातांचे खेळाडू बहुतेक हॉकीतले असत. त्याच्या खेळातली मंडळी तोंडात रबराचं कवच घातल्याशिवाय पाऊल टाकत नसत, आणि ती कवचं तो स्वतःच बनवत असे.

म्हणजे तो साचे घ्यायचा. बनवायची त्याची भाची, चिमणी. दवाखान्याच्या मागच्या खोलीत, प्लास्टरच्या जबड्यांच्या रांगेसमोर बसून ती दिवसभर कवळ्या घासायची. केसांत पांढरा भुगा, नखांत गुलाबी मेण. लहानपणी चणीवरून पडलेलं नाव तसंच राहिलं होतं. ते बदलायला हवं, असं तिच्या पकडीत सापडलेल्या प्रत्येकाला वाटून गेलं होतं. दोन वर्षं टायरच्या दुकानामागच्या गोदामात घाम गाळल्यावर तिला आता पहिली अधिकृत लढत मिळाली होती. पण गावात पिंजरा उभा राहील एवढा उंच हॉल क्लबचाच. तो नाही मिळाला, तर तारीख दुसऱ्या गावाला जाणार होती आणि समोरची मुलगी दुसऱ्या कुणाच्या वाट्याला. मग पुन्हा कवळ्या, पुन्हा गोदाम, आणि वाट बघणं.

घरातूनही मदत नव्हती. चिमणीची आई म्हणजे डॉक्टरची थोरली बहीण. तिनं लेकीशी बोलणं टाकलं होतं. "आपल्या घरात कधी कुणी कुणावर हात उचलला नाही," असं ती भावाला बजावायची. लहानपणी तिच्याच हातच्या थपडा खाऊन मोठा झालेला भाऊ "हो, ताई" म्हणायचा.

तर सभा. कमिटीत बोलणारे तिघेच होते. बाकीचे चहासाठी यायचे. अध्यक्षांच्या शेजारी लेखकराव. हे वर्तमानपत्रात सदर चालवत आणि या खेळाविरुद्ध त्यांनी ओळीनं तीन लेख पाडले होते.

"तुम्ही एखादी तरी लढत पाहिलीत का?" डॉक्टरनं विचारलं.

"छे! पाहिली तर तटस्थपणे लिहिता येत नाही," लेखकराव म्हणाले. "आणि पाहायचं काय त्यात? माणसांना पिंजऱ्यात घालता तुम्ही. पिंजऱ्यात! जनावरांसारखं!"

"ती जाळी आहे. खेळाडू मंचावरून घरंगळून पहिल्या रांगेत तुमच्या मांडीवर येऊ नयेत म्हणून लावतात. तुमच्या टेनिस कोर्टालाही आहे."

"टेनिसमध्ये पडलेल्या माणसावर बसून मारत नाहीत!" हा हॉकीचा सेक्रेटरी. माणूस कपाटाएवढा. त्याचे पुढचे तीन दात डॉक्टरच्या हातचे होते. मूळचे तीन त्याच्याच संघाच्या गोलकीपरनं बक्षीस समारंभात पाडले होते, बक्षीस कुणी घ्यायचं यावरून.

"पडलेला स्वतःला सांभाळेनासा झाला की पंच तिथंच थांबवतो," डॉक्टर म्हणाला. "बॉक्सिंगमध्ये आकडे मोजतात, माणूस उठला की पुन्हा त्याच डोक्यावर मारायला मोकळे. ते तुम्हाला चालतं. आमच्याकडे डोळ्यात बोट नाही, मानेमागे ठोसा नाही, चावणं नाही. आणि नको झालं की दोनदा टॅप करायचं. हातानं नुसतं थोपटायचं, अंगावर नाहीतर जमिनीवर. समोरचा त्या क्षणाला सोडतो. सोडलं नाही तर बाद. एवढी सभ्यता तुमच्या या टेबलावर तरी आहे का?"

हे शेवटचं वाक्य त्यानं बोलायला नको होतं. पण आपण वादात हरूच शकत नाही अशी त्याची समजूत होती. तोंडात कापूस कोंबलेल्या माणसांशी वर्षानुवर्षं एकतर्फी चर्चा करणाऱ्याची अशी समजूत होतेच.

"बोलणं सोपं असतं," अध्यक्ष म्हणाले.

"मग दाखवतो. चिमणे!"

बाहेर ढालींच्या कपाटाखाली बाकावर बसलेली चिमणी आत आली. हॉकीवाला आपणहून उभा राहिला, कोट काढला, आणि सगळ्यांकडे बघून हसला. चहावाल्या सदस्यांनी कपबशा सरकवल्या.

"झोपा काका, गालिच्यावर," चिमणी म्हणाली. "दुखायला लागलं की दोनदा टॅप करा. मी लगेच सोडते."

"बरं बरं, बाळ." मोठी माणसं लहान मुलांच्या भातुकलीत खोटा चहा पितात, तसा त्यानं चेहरा केला.

चिमणीनं त्याचं मनगट धरलं, एक पाय छातीवरून टाकला, हात दोन्ही मांड्यांत घेतला आणि कंबर हळूच वर उचलली. हॉकीवाल्याचा चेहरा आधी लाल झाला. मग जांभळा. मग डॉक्टरच्या प्लास्टरच्या जबड्यांपेक्षा वेगळा ओळखू येईना.

"काका, टॅप करा."

काकांनी डोळे मिटले. समोर कमिटी बसलेली, वर पिसाएवढ्या वजनाची पोरगी, आणि हॉकीचा सेक्रेटरी जमीन थोपटणार? कोपर जिथं थांबायला हवं तिथून पुढं निघालेलं डॉक्टरला दिसलं आणि तो खुर्चीवरून ओरडला, "स्टॉप!"

चिमणीनं हात असा सोडला, जसा तापल्या भांड्याचा कान सोडतात.

हॉकीवाला उठून बसला. कोपर पोटाशी धरून त्यानं सभोवार पाहिलं. "काही नाही झालं," तो म्हणाला. "जमेना तिला. सोडलं तिनं."

"म्हणजे हे सगळं ठरवून असतं!" लेखकरावांना साक्षात्कार झाला. "तुम्ही ओरडायचं, तिनं सोडायचं. नुरा कुस्ती आहे ही. निव्वळ नाटक!"

"अहो, हात मोडला असता त्यांचा!"

"मोडला का?"

"नाही, पण..."

"मग?"

हात मोडला असता तर खेळ रानटी ठरला असता. नाही मोडला, म्हणून खोटा ठरला. कमिटीला यात काही अडचण दिसली नाही. दोन्ही खुर्च्यांवर एकदम बसायची तिला सवय होती, आणि बूडही त्या मापाचं होतं.

अध्यक्षांनी ठराव सांगितला. "सदर प्रकार अत्यंत हिंसक असल्यामुळे क्रीडा सदराखाली हॉल देता येत नाही. मात्र तो लटका असल्याचं सभेसमोर सिद्ध झाल्यामुळे सांस्कृतिक सदराखाली द्यायला हरकत नाही. नाटकं, नकला, जादूचे प्रयोग त्यात बसतात. बाहेर फलक 'नाट्यप्रयोग' असाच लागेल. आणि हा खेळ नाही, एवढं डॉक्टरांनी इथं मान्य करावं."

डॉक्टर ताडकन उभा राहिला. "हा खेळ आहे! वजनगट आहेत, पंच आहेत, डॉक्टरी तपासणी आहे, नियमांचं पुस्तक आहे. तुमच्या फुटबॉलमध्ये..."

मागून चिमणी त्याच्या कानाशी वाकली. "मामा, टॅप कर."

"काय?"

"पकड बसलीय. आता हात मोडून घेण्यात काय अर्थ? हॉल मिळतोय ना. टॅप कर."

डॉक्टरनं तिच्याकडे पाहिलं. केसांत भुगा, कानामागे मेणाचा ठिपका, आणि कवळ्यांकडे परत जायची अजिबात तयारी नसलेला चेहरा. तो खाली बसला. तळहातानं टेबल दोनदा थोपटलं. "मान्य," तो म्हणाला. कमिटीनं मात्र त्याला लगेच सोडलं नाही. लेखकराव आणखी बराच वेळ रंगभूमीच्या परंपरेवर बोलले.

फलक लागला: 'साहसी नाट्यप्रयोग, अंक पाच.' पाच लढती होत्या, म्हणून पाच अंक. शेवटचा चिमणीचा. बाजारातून येताना ताईनं तो वाचला आणि तशीच पिशवीसकट दवाखान्यात शिरली.

"अगंबाई, नाटक आहे होय! मग मेल्यांनो, आधी सांगायला काय झालं होतं? माझी झोप उडाली इतके दिवस."

डॉक्टर खुलासा करणार होता, पण चिमणीनं मागच्या खोलीतून मान हलवली. आई कित्येक महिन्यांनी बोलत होती. त्यात मोडता घालायची तिची छाती झाली नाही.

मग ताईनं सगळ्या महिन्यांची भरपाई सुरू केली. वजनगटात बसायचं म्हणून चिमणी कितीतरी आठवडे उकडलेला पाला खाऊन राहिली होती. "कोण बघणार आहे तुला स्टेजवर, अशी वाळकी काडी?" म्हणत ताई ताटावर ताट वाढू लागली. दुसरी वाढ नको म्हटलं की तिचे डोळे भरत. चिमणीला मानेच्या पकडीतून सुटायचं माहीत होतं, पायाच्या पकडीतून सुटायचं माहीत होतं. "एवढं माझ्यासाठी" यातून कसं सुटायचं, ते गोदामात कुणी शिकवलं नव्हतं.

लढतीच्या सकाळी मंचामागच्या रंगपटात वजनं झाली. दाढ्यामिशा टांगलेल्या आरशासमोर काटा मांडला होता. खेळाच्या संघटनेच्या बाई वाकून आकडा बघत होत्या. चिमणी काट्यावर चढली आणि बाई कुठंच न बघता म्हणाल्या, "चारशे ग्रॅम जास्त."

नियमानं तासाभराची सवलत मिळते. चिमणी दोन स्वेटरवर रेनकोट चढवून क्लबभोवती पळत सुटली. बागेत बसलेल्या सभासदांना ही नाटकाची तालीम वाटली आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. परत आली तेव्हा ओठ सुकून पांढरे झाले होते. काटा म्हणाला, दोनशे जास्त. तास संपला होता.

"मला चालतंय," समोरची मुलगी म्हणाली. ती कुठल्याशा गावात बस चालवत होती आणि पहाटे निघून आली होती. "दोनशे ग्रॅमचं काय एवढं?"

उद्घाटनाचं भाषण हातात घेऊन आलेले अध्यक्षही दारात थांबले होते. "अहो डॉक्टर, नाटकच आहे ना हे! नाटकात वजन कोण बघतं?"

सगळे डॉक्टरकडे बघू लागले. भाचीची लढत म्हणून तिथं तो पंच नव्हता, पण दिवसाचा मुख्य पंच तोच होता, आणि नवख्या खेळाडूंना एका ग्रॅमचीही सूट नाही हा नियम त्याला पाठ होता. बाईंनाही होता, पण त्या आता अगदी बारकाईनं एक खोटी दाढी न्याहाळत होत्या. 'नाटकच आहे' एवढं म्हटलं की काम भागत होतं.

"लढत होणार नाही," डॉक्टर म्हणाला.

पिशवी घेऊन लेकीबरोबर आलेली ताई पुढं आली. "अरे, खायला मी घातलंय. माझ्यावर काय राग काढायचा तो काढ. तिला का?"

"ताई, खेळ आहे हा."

पहिल्यांदाच यावर कुणी वाद घातला नाही.

चिमणी काट्यावरून उतरली. आरशापुढं काढून ठेवलेलं तोंडाचं कवच डबीत ठेवलं, डबी मामाच्या हातात दिली. "उद्या कवळ्या तू घास," ती म्हणाली आणि आईच्या पिशवीतली पाण्याची बाटली काढून घटाघटा प्यायली.

संध्याकाळी चार अंक वेळेवर झाले. पाचव्याच्या जागी, सांस्कृतिक कार्यक्रम अर्धवट ठेवता येत नाही म्हणून, हॉकीच्या सेक्रेटरीनं हात गळ्यात बांधलेल्या झोळीत ठेवून दोन गाणी म्हटली. दुसऱ्याला वन्स मोअर मिळाला.