साबणताईंची शिफारस

चौदा वर्षं साबणाच्या गल्लीत काढलेल्या बाईला एका सोमवारी उचलून वाइनच्या गल्लीत उभं केलं, तर ती काय करेल? दुसरी कोणी असती तर नशिबाला बोल लावत बसली असती, नाहीतर सरळ आजारपणाची रजा टाकली असती. साबणताईंनी फडकं घेतलं आणि आधी सगळ्या बाटल्या पुसून काढल्या. मग त्या बाटल्यांसमोर कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "बोला आता."

त्यांचं खरं नाव पगाराच्या यादीत होतं आणि तिथेच राहिलं होतं. अख्खं सुपरमार्केट त्यांना साबणताईच म्हणायचं. वाइनची गल्ली सांभाळणारा माणूस नोकरी सोडून गेला, दुसरा मिळेना, म्हणून मॅनेजरसाहेबांनी ही शक्कल काढली होती.

"व्हाइट वाइन हलतच नाही," साहेब म्हणाले. "लोक येतात, एवढ्या बाटल्या बघून घाबरतात आणि बिअर घेऊन जातात. खालच्या दोन फळ्यांवर स्वस्तातल्या बारा आहेत. त्यातल्या चांगल्या निवडा, प्रत्येकीखाली चार शब्दांचं कार्ड लावा. पण एक आत्ताच सांगून ठेवतो. एक जरी तक्रार आली, तर कार्डं खाली आणि तुम्ही परत साबणात."

धमकीच होती, पण साबणताई त्या दिवशी घरी गेल्या त्या हवेतच. का ते सांगतो. बावन्न वर्षांच्या आयुष्यात त्यांना लोकांनी हजारदा विचारलं होतं की अमुक कुठे ठेवलंय. यातलं चांगलं कुठलं, हे कोणी विचारलं नव्हतं. दुकानात नाही आणि घरात तर नाहीच नाही. आता त्यांच्या शब्दाला एक फळी मिळाली होती, ती त्यांना कुठल्याही परिस्थितीत गमवायची नव्हती.

वाइनमधलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. पण बाईंचं नाक! चौदा वर्षं ज्या बाईने लिंबाच्या वासाचे, सफरचंदाच्या वासाचे, कसल्याशा रानफुलांच्या वासाचे डबे फळीवर लावले, तिला खऱ्या लिंबाची साल आणि डब्यातलं लिंबू यांतला फरक डोळे मिटून कळतो. हे शिक्षण कुठल्याही शाळेत मिळत नाही हो. पहिलीच बाटली त्यांनी घरी उघडली, नाक पेल्यात घातलं आणि म्हणाल्या, "हिरवं सफरचंद. खरं. नुकतं कापलेलं."

यजमान इलेक्ट्रिशियन. त्यांनी एक घोट घेतला आणि निकाल दिला, "आंबट आहे."

"अहो, आंबट तर ताकही असतं."

"मग ताकच पिऊ की," असं म्हणून ते टीव्हीसमोर जाऊन बसले. पण पेला सोबत घेऊन गेले, आणि तो रिकामा परत आला, हे ताईंनी बरोबर टिपलं.

अशा एकेक करत ताई शिकत गेल्या. बाटली फ्रीजमध्ये गार करायची, पण पिण्याआधी पंधरा मिनिटं बाहेर ठेवायची. बर्फासारखी गार असली की वाईट वाइनचंही पाप झाकलं जातं, गारवा थोडा उतरला की खरं रूप दिसतं. स्वस्तातली व्हाइट वाइन ताजीच चांगली, म्हणून लेबलावरचं साल बघायचं. बुचाऐवजी फिरकीचं झाकण असलं तरी नाक मुरडायचं नाही. आणि सोनेरी अक्षरांना तर अजिबात भुलायचं नाही. वरच्या फळीवरची एक महागडी त्यांनी स्वतःच्या पैशाने नेऊन बघितली. नाव मोठं, लक्षण खोटं.

दुकानाच्या मागच्या दाराशी रिकाम्या बाटल्या परत घ्यायची खिडकी होती. बाटली आणून दिली की थोडे पैसे परत मिळत. तिथे आबा बसत. म्हातारा पूर्वी गोदीत क्रेन चालवायचा, आणि डॉक्टरांनी दटावल्यापासून दारूच्या थेंबाला शिवला नव्हता.

"लोक तोंडाने काहीही सांगतील," आबा म्हणाले, "रिकामी बाटली बघावी. ही सोनेरीवाली. सहा महिन्यांनी परत आली, तळाला दोन बोटं वाइन तशीच, वर धूळ. म्हणजे कोणीतरी कोणालातरी भेट दिली आणि दोघांनाही ती नको होती. आणि ही माशाच्या चित्राची. शनिवारी गेली, सोमवारी हजर. आत थेंब नाही. तीच नर्स, दर आठवड्याला."

माशाच्या चित्राची ती बाटली बारांतली सगळ्यात स्वस्त होती. ताईंनी ती घरी नेली, पंधरा मिनिटांचा नेम पाळला आणि पहिल्या घोटाला खुर्चीत मागे टेकल्या. लिंबाची साल, त्याच्या मागे पेअरचा गोडवा, आणि शेवटी जिभेवर किंचित मीठ. एवढ्याशा पैशात कोणीतरी कुठेतरी इतकं मन लावून काम केलंय, याचं त्यांना भरूनच आलं. त्यांनी कार्डावर लिहिलं, "लेबलाकडे बघू नका. भाजलेल्या मासळीबरोबर प्या. उन्हात वाळलेल्या चादरीसारखी स्वच्छ आहे."

अशी चार कार्डं झाली. पाचवी बाटली मात्र चाखायची राहिली. यजमानांचं पोट बिघडलं होतं, महिना संपत आला होता, आणि आबा सांगत होते की निळ्या लेबलाची तर क्रेटच्या क्रेट परत येते, दर आठवड्याला, तळापर्यंत कोरडी. ताईंना वाटलं, एवढी पितात त्या अर्थी चांगलीच असणार. हातच्या काकणाला आरसा कशाला? लिहिलं ठोकून, "मोठ्या जेवणासाठी. सगळ्यांना आवडेल."

कार्डं लागली आणि फळी हलायला लागली. लोक उकिडवे बसून वाचायचे, हसायचे, बाटली उचलायचे. एक बाई तर चादरीचं कार्ड वाचून दोन घेऊन गेल्या आणि दुसऱ्या दिवशी आणखी दोन न्यायला आल्या. गुरुवारी समोरच्या स्टँडवरचा एक टॅक्सीवाला आला. रविवारी त्याच्या मुलीचं लग्न होतं, जेवायला चाळीस माणसं. त्याने पाचवं कार्ड दोनदा वाचलं आणि निळ्या लेबलाच्या बारा बाटल्या उचलल्या. "तुमच्या भरवशावर नेतोय हं ताई," म्हणाला.

शुक्रवारी दुपारी ताई आबांच्या खिडकीशी उभ्या असताना एका कॅन्टीनचा आचारी क्रेट घेऊन आला. सगळ्या निळ्या लेबलाच्या.

"तुमच्याकडे फार आवडीने पितात वाटतं ही," ताई कौतुकाने म्हणाल्या.

"पितात? छे हो. सूपमध्ये ओततो मी. प्यायला कोण घेईल ही."

ताईंनी तडक गल्लीत जाऊन एक निळी बाटली विकत घेतली. संध्याकाळी त्यांनी घरी ती बाटली उघडली. गारगार होती तेव्हा नुसतं पाणी. पंधरा मिनिटांनी पुन्हा नाक घातलं, तर भांडी घासायच्या साबणातलं लिंबू. ते लिंबू त्या चौदा वर्षं ओळखत होत्या. मागून कडू चव आली ती जाता जाईना.

"आंबट आहे?" यजमानांनी आतून विचारलं.

"नाही," ताई म्हणाल्या. "खोटी आहे. आणि मी लिहिलंय, सगळ्यांना आवडेल."

शनिवारी सकाळी त्या मॅनेजरसाहेबांसमोर उभ्या राहिल्या. बारा बाटल्या बदलून द्यायच्या तर फॉर्म भरावा लागणार होता, आणि फॉर्मात तक्रारीचा रकाना होता.

"तो टॅक्सीवाला तक्रार घेऊन आलाय का?" साहेबांनी विचारलं.

"नाही."

"मग झाकली मूठ सव्वा लाखाची. फॉर्म भरलात तर कार्डं खाली येतील, मी बोललोय ते बोललोय. आणि ताई, टॅक्सीवाल्याला वाइनमधलं काय कळणार आहे?"

ताईंनी पेन मागितलं. तक्रारीचं कारण: न चाखता शिफारस केली. तक्रार कोणाची: माझी. सही केली, गल्लीत गेल्या आणि पाचही कार्डं स्वतःच्या हाताने काढून खिशात घातली. माशाच्या बाटलीखालचं कार्ड काढताना डोळे भरले, ते त्यांनी बाहीला पुसले. मग माशाच्या चित्राच्या बारा बाटल्या ढकलगाडीत घालून त्या टॅक्सी स्टँडवर गेल्या. टॅक्सीवाला दोन दिवस गाडी काढणार नाही असं तिथे कळलं, पण त्याचं घर मागच्याच रस्त्याला होतं. ताई ढकलगाडी खडखडवत तिथे पोहोचल्या.

टॅक्सीवाला आणि त्याची बायको स्वयंपाकघरात बसून पाहुण्यांची यादी करत होते. ताईंनी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. निळी बाटली मी चाखलीच नव्हती, ती चांगली नाही, चूक माझी आहे, बदलून द्यायला आलेय.

टॅक्सीवाल्याने यादी बाजूला ठेवली.

"आम्ही एक उघडली होती गुरुवारी," टॅक्सीवाला हळूच म्हणाला. "ही म्हणाली, अहो, कडू लागतेय. लागत होती मलाही. पण मी म्हटलं, ताईंनी लिहिलंय ना, सगळ्यांना आवडेल म्हणून. मग आपल्यालाच कळत नसणार. आपण कुठे रोज पितो?"

"मी म्हटलं, पाहुण्यांसमोर गप्प बसून पिऊ," बायको म्हणाली.

साहेबांचं बोलणं ताईंना एवढं लागलं नव्हतं. त्या खुर्चीत बसल्याच. चाळीस माणसं उद्या तोंड कडू करून, गप्प बसून, आपल्यालाच अक्कल नाही असं मानून ती बाटली प्यायली असती, आणि तेही त्यांच्या चार शब्दांपायी. त्यांना स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

"पेले आणा," त्या म्हणाल्या. माशाची बाटली त्यांनी दुकानातल्या फ्रीजमधली आणली होती, रस्त्यात तिचा गारवा हवा तेवढा उतरला होता. तीन पेल्यांत थोडी थोडी ओतली.

बायकोने घोट घेतला आणि ताईंच्या तोंडाकडे बघितलं.

"माझ्याकडे बघू नका. कशी आहे ते तुम्ही सांगा."

तिने आणखी एक घोट घेतला. "चांगली आहे," ती जरा बिचकत म्हणाली, आणि मग ठासून, "नाही, चांगलीच आहे. लिंबाचा वास येतो."

"कसल्या लिंबाचा?"

"खऱ्या."

"गुरुवारीही तुम्हीच बरोबर होतात," ताई म्हणाल्या.

जाताना टॅक्सीवाल्याने विचारलं, "सोमवारी त्या गल्लीत असाल ना?"

"नाही. साबणात. डावीकडून तिसरी गल्ली."

सोमवारपासून साबणताई परत पावडरीचे डबे लावायला लागल्या. वाइनच्या गल्लीत शुकशुकाट झाला, आणि साबणाच्या गल्लीत भलतीच वर्दळ. आधी दोन टॅक्सीवाले आले, मग चार. त्यांच्यामागून नर्स आली, चादरवाल्या बाई आल्या. कोणाला साबण नको होता. रविवारच्या जेवणात चाळीसच्या चाळीस जणांनी वाइन कुठून आणली ते विचारलं होतं, आणि टॅक्सीवाल्याने प्रत्येकाला एकच सांगितलं होतं, "साबणाच्या गल्लीत एक ताई आहेत. त्यांच्याकडून चूक झाली तर त्या घरी येऊन सांगतात."

ताई एकेकाला हाताला धरून वाइनच्या गल्लीत नेत आणि आधी विचारत, जेवायला काय आहे, कोण येणार आहे, गोड आवडतं की आंबट. व्हाइट वाइनच्या बाटल्या त्या आठवड्यात दोनदा मागवाव्या लागल्या.

शुक्रवारी संध्याकाळी मॅनेजरसाहेब साबणाच्या गल्लीत आले. थोडा वेळ एक डबा उलटसुलट करून बघत राहिले.

"कार्डं लावा परत," ते म्हणाले.

"बरं."

साहेब तरी जाईनात. "आणि ताई, उद्या सासरेबुवा जेवायला येतायत. कुठली नेऊ?"

"तुम्हाला कशी आवडते?"

साहेब गोरेमोरे झाले. डबा जागेवर ठेवत म्हणाले, "खरं सांगू का, मला त्यातलं काही कळत नाही."

"कळतं हो," साबणताई म्हणाल्या. "चला, दोन पेले घ्या."