वरची आळी आधी

कॉलेजच्या संगणक विभागात सगळे त्यांना नुसतं बाई म्हणत, आणि शिपाईमामा त्यांना रोज एकच प्रश्न विचारत, "बाई, उद्या पाणी किती वाजता?" मामा राहायचे टेकडीवरच्या आळीत. तिथे नळाला धार यायची ती उपकार केल्यासारखी. बाई कुठेही न बघता वेळ सांगून टाकायच्या. शहरातला कोणता व्हॉल्व्ह कधी उघडायचा हे ठरवणारा पाणीखात्याचा प्रोग्रॅम त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनीच तर लिहिला होता, चांगली अकरा वर्षं खपून. दरवर्षीची मुलं त्यात चार ओळींची भर घालत, दोन घोळ करत, आणि ते निस्तरता निस्तरता शिकत.

मग नवे प्राचार्य आले. आल्या आल्या त्यांनी प्रयोगशाळेच्या दारावर एका परदेशी सॉफ्टवेअरच्या प्रशिक्षण केंद्राची पाटी ठोकली. बड्या कंपन्यांचा कारभार त्यावर चालतो म्हणे. तीन महिने शिका, सर्टिफिकेट घ्या, नोकरी पक्की. आणि शिकवणार कोण, तर बाईच. सरावाचे परवाने आले पाच आणि मुलं भरली चाळीस. बाकीच्या पस्तीस जणांना बाई स्क्रीनचे छापील कागद वाटायच्या. पदवीधर मुलं कागदावर बोट दाबून म्हणायची, "सेव्ह केलं, बाई." यावर हसावं की रडावं ते कळायचं नाही, म्हणून बाई हजेरी घ्यायच्या.

त्या चाळीस जणांत एक खुडबुडी होती. दिसेल ती वस्तू उघडून बघायची खोड, म्हणून वर्गाने तिचं बारसं केलेलं. आईबरोबर वरच्या आळीत, मामांच्या शेजारीच राहायची. ती कागद बाजूला सारून बाईंच्या जुन्या मशीनवर पाण्याचा प्रोग्रॅम वाचत बसायची. एक दिवस तिने दाखवून दिलं, की खालचे नळ आधी सुटले की वर दाब पोचतच नाही. वर अर्धा तास आधी सोडलं, तर खालच्यांचं काहीच बिघडत नाही. तिने सात ओळी लिहिल्या आणि वर शेरा टाकला, 'वरची आळी आधी.' त्या आठवड्यापासून आळीतल्या बायका घागरी घेऊन उतार उतरायच्या थांबल्या.

निवृत्तीला दोन वर्षं उरली होती आणि हे सगळं कुणाच्या हाती सोपवायचं या काळजीने बाईंची झोप उडाली होती. ही पोरगी भेटली आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. पाणीखातं प्रोग्रॅम सांभाळायला एक जागा काढणार होतं. त्या जागेच्या मंजुरीचा कागद तीन वर्षं या टेबलावरून त्या टेबलावर फिरत होता.

परीक्षेआधी खुडबुडीची आई आली. शिवणकाम करायची, गळ्यात मापाची टेप तशीच होती. "बाई, पोरगी तुमचंच ऐकते," ती म्हणाली. "पाण्याचं काम धरू की सर्टिफिकेट घेऊ, विचारते. मला यातलं ओ की ठो कळत नाही. पोट कशावर भरेल तेवढं सांगा."

बाईंच्या जिभेवर खोटं अगदी तयार होतं. त्यांनी ते गिळलं. "सर्टिफिकेटवर," त्या म्हणाल्या. त्या दिवशी त्यांना स्वतःचा जेवढा राग आला, तेवढा प्राचार्यांचाही कधी आला नव्हता.

खुडबुडी पहिली आली आणि एका मोठ्या कंपनीत लागली. बाईंच्या नोकरीचा शेवटचा महिना चालू असताना ती परत आली, गळ्यात ओळखपत्र अडकवून. पाणीखात्याने तेच परदेशी सॉफ्टवेअर घेतलं होतं. जुन्यातली माहिती नव्यात न्यायची आणि जुनं बंद करायचं, हे तिचं काम. कंपनीत माणसं शेकड्याने होती, पण हा प्रोग्रॅम वाचता येणारी ही एकटीच. बाईंनी शिकवलेलं शेवटी असं उपयोगी पडलं.

दोघी जुन्या मशीनपुढे बसल्या. खुडबुडी भराभर एकेक गोष्ट नव्या रकान्यांत बसवत गेली. त्या सात ओळींपाशी तिचा हात थांबला.

"याला तिकडे जागाच नाही, बाई. सगळे भाग एकाच वेळी उघडतात."

"मग बदल करून माग."

"मागितला. एका शहरासाठी बदल करत नाहीत, असं उत्तर आलं."

"अगं, तुझ्या आईचा नळ आहे तो."

ती कीबोर्डकडे बघत राहिली. "आईला मी मागच्या महिन्यात खाली आणलं. नवीन घर घेतलं. तिथे टाकी आहे."

बाईंना तिला बोल लावायला तोंड नव्हतं. जुनं बंद करायला त्यांचा पासवर्ड लागत होता. त्यांनी तो सांगितला. तिने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, आणि स्क्रीन काळी झाली.

बाहेर मामा कुलपं घेऊन उभे होते. जुन्या शेजारणीला बघून त्यांचा चेहरा खुलला. "पोरीने नाव काढलं, बाई," ते म्हणाले. खुडबुडी मान खाली घालून जिना उतरून गेली. मग मामांनी सवयीने विचारलं, "उद्या पाणी किती वाजता?"

"खाली सुटेल तेव्हाच वर सुटेल आता," बाई म्हणाल्या. "आज भरता येईल तेवढं भरून ठेवा."

"आजचं तर सकाळीच येऊन गेलं, बाई," मामा म्हणाले, आणि कुलूप लावायला वळले.